दोनदा ब्रेक

मानवतच्या अलीकडे, हमरस्त्याच्या कडेला, रोहिणी गुडघ्यावर बसून डांबरावर खडूची रेघ मारत होती आणि तिच्या पाठीमागे एक पिकअप गाडी पाच मिनिटांपासून हॉर्न न वाजवता उभी होती.

हॉर्न वाजवणाऱ्यांची तिला सवय झाली होती. सकाळपासून चौदा जणांनी वाजवला होता, त्यातल्या तिघांनी वर फुकटचा सल्लाही दिला होता. न वाजवणारा हा पहिलाच. ती उठली, ओढणीला हात पुसले आणि खिडकीशी जाऊन विचारलं, "हॉर्न बिघडलाय का?"

"न्हाई," आतला तरुण म्हणाला. "वाजवला असता तर रेघ वाकडी झाली असती."

रेघ खरंच सरळ आली होती. तिने एकदा रेघेकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. केसांत कापसाचे चार तंतू अडकलेले, आणि त्याचा त्याला पत्ताच नाही… तिला हसू आलं, पण पहिल्याच भेटीत हसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

त्याचं नाव महारुद्र. झरीच्या दिनकररावांचा मुलगा, परभणीत बी.कॉम. झालेला. स्वतःची पिकअप. घरचा आणि गावातल्या दुसऱ्यांचा कापूस भरून मानवतच्या जिनिंगला, सरकी काढणाऱ्या गिरणीत, न्यायचा. रोहिणीने भाड्याने घेतलेल्या गाडीचा क्लच नेमका त्याच सकाळी गेला होता. कंपनीच्या कारचा ड्रायव्हर भागवत म्हणाला, मॅडम, दुसरी गाडी शोधत कुठं हिंडता, ही समोरच उभी हाय की. अशा तऱ्हेने महारुद्र या कामात आला.

काम असं होतं. रोहिणी पुण्याच्या एका कंपनीत इंजिनिअर. कंपनीने वहीएवढा एक डबा बनवला होता. तो पुढच्या गाडीच्या केबिनच्या टपावर बसवायचा. पुढच्याने ब्रेक दाबला की डब्यातून बिनतारी लहरी निघणार, मागच्या गाडीतल्या डब्यावर लाल दिवा लागणार, आणि मागच्या ड्रायव्हरला डोळ्यांनी काही दिसायच्या आत इशारा मिळणार. लहरी फार उच्च वारंवारतेच्या. पापणी लवायच्या आत शंभर गोष्टी सांगून मोकळ्या होतात. पण सांगितलेलं दरवेळी पोहोचतं का? भरवसा किती धरायचा? ते कागदावर मांडायचं काम रोहिणीचं. नऊ किलोमीटरचा पट्टा, खडूच्या दहा खुणा, प्रत्येक खुणेवर एक ब्रेक. पुढे महारुद्रची भरलेली पिकअप, मागे कार, कारमध्ये भागवत आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली रोहिणी.

दहापैकी नऊ वेळा दिवा लागला तर कंपनीतले तिचे वरिष्ठ सूर्यभान सर खूश व्हायचे, रोहिणी नाही. तिचे वडील, सोनपेठचे सिताराम गुरुजी, अकरा वर्षांपूर्वी संध्याकाळी शाळेतून घरी येताना कापसाच्या गाडीवर मागून आदळले होते. त्या गाडीचे मागचे दिवे लोंबत्या ताडपत्रीखाली झाकलेले होते. गुरुजी वाचले, पण त्यांचा उजवा पाय त्या दिवसापासून वाकत नाही. त्या न दिसलेल्या दिव्यापायी रोहिणी या कामात आली होती, आणि त्या दिव्याबाबत ती कुणाचं काही ऐकून घेत नसे.

दुसऱ्या दिवशी महारुद्रने विचारलं, मधे माणूस आला तरी म्हणे तुमच्या लहरी अडतात? तिने सांगितलं, हो. माणूस, ओला पाला, पाणी, काहीही.

"मग लय नाजूक हायत की."

"नाजूक नाहीत. सरळ जातात. वळसा घालून जायची त्यांना सवय नाही."

"तुमच्यासारखंच," तो म्हणाला आणि पटकन गाडीत जाऊन बसला.

तिसऱ्या दिवशी चौथ्या आणि पाचव्या खुणेच्या मधे, जिथे काहीच खूण नव्हती तिथे, लाल दिवा दोनदा लागला. रोहिणीने दचकून बिघाडाची नोंद केली. पिकअप एका चहाच्या टपरीपाशी थांबली. महारुद्र उतरून आला आणि शांतपणे म्हणाला, बिघाड न्हाई, मीच दाबला, चहा घ्यायचा का म्हणून विचारलं.

ती चिडली. चाचणीत खेळ चालत नाही, हे तिने त्याला चांगलं सुनावलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मग चहा न्हाई?"

तिने चहा घेतला. दुसऱ्या दिवशीही घेतला. पुढे पुढे तर तिच्या नोंदींमध्ये सरळ ओळ यायला लागली: किलोमीटर चार, दोन ब्रेक, चहा. लॅपटॉपच्या बाजूचा तो इवलासा लाल दिवा दोनदा लागला की तिचा हात आपोआप केसांकडे जायचा, आणि भागवत मुद्दाम बाहेरच्या तुरीकडे बघत बसायचा.

पाचव्या फेरीत मात्र दिवा लागलाच नाही. दहा खुणा, दहा ब्रेक, आणि दिवा अंधारात. रोहिणीने गाड्या थांबवल्या आणि पहिली शंका घेतली ती पाण्याची.

"कापूस ओला आहे का?"

महारुद्रने ताडपत्रीच्या दोराची गाठ चाचपली. "न्हाई… कोरडा हाय."

ती ऐकून विश्वास ठेवणारी नव्हतीच. पिकअपच्या चाकावर पाय देऊन वर चढली. तोल गेला तसा त्याने खालून तिचा कोपर धरला. तिने ताडपत्री सारून कापसात मनगटापर्यंत हात घातला. कोरडा, ऊन खाल्लेला, मऊ कापूस. हात काढायला हवा होता. तिने काढला नाही, आणि त्यानेही कोपर सोडला नाही. नोव्हेंबरचं ऊन, रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीचा धुरळा, आणि कोपराला लागलेला तो एक राकट, गरम तळवा… खाली पाहिलं तेव्हा तो तिच्याकडे बघत नव्हता. दूर कुठेतरी, बांधाकडे बघत होता. तिला वाटलं, लाजला.

अशा एकूण अकरा फेऱ्या झाल्या. सात फेऱ्यांत दिवा दहापैकी दहा, चार फेऱ्यांत जवळजवळ शून्य. तिने वायर बदलली, डबा बदलला, जागा चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे करून पाहिली. कापूस तर तिने स्वतः हात घालून पाहिला होता. मग चूक आपल्याच हाताची. ती रोज आदल्या दिवशीपेक्षा थोडी अधिक गप्प होत गेली.

त्याच दिवसांत एका दुपारी टपरीवर, चहा निवत असताना, महारुद्र म्हणाला, "झरीला आमचं घर हाय."

"माहीत आहे."

"तिथं तुमी… म्हंजे कायमच्या…" त्याने ग्लास खाली ठेवला. "आत्ता सांगू नका. ज्या दिवशी सांगावं वाटंल त्या दिवशी माझी गाडी तुमी चालवा. मी मागं बसतो. दोनदा ब्रेक दाबला की मी समजंन."

रोहिणीचा चेहरा तापला. पण तिची नजर खाली गेली नाही. "मी कोण आहे, माहीत आहे ना? आम्ही बौद्ध."

"मालूम हाय."

"घरी माहीत आहे?"

तो बांधाकडे बघायला लागला.

"मग आधी घरी सांग," ती म्हणाली. तुम्हीवरून ती तूवर कधी आली, तिचं तिलाही कळलं नाही. "मी येईन तर दिवसाढवळ्या, पुढच्या दारानं येईन. मागच्या दारानं येणार नाही आणि लपूनछपून भेटणार नाही. वडिलांना सांगितलंस की मला विचार."

सांगतो, तो म्हणाला. त्याला पाच दिवस झाले. पाचही दिवस तो वेळेवर आला, खुणेवर ब्रेक दाबत राहिला, चहा पाजत राहिला, आणि वडिलांचा विषय निघाला की बांधाकडे बघत राहिला. रोहिणीने पुन्हा विचारलं नाही. रात्री उशीला डोकं टेकलं की मात्र एवढंच वाटायचं: ज्याला घरात तोंड उघडता येत नाही, त्याच्या भरवशावर आपण कुठे जाणार?

मग सूर्यभान सर आले. पुण्याहून, पांढऱ्या गाडीतून, सोबत गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या एक पाहुण्या, भक्ती मॅडम. त्यांना डबा पसंत पडला तर हजारो गाड्यांवर बसणार होता. सरांनी कारच्या बॉनेटवर कागद ठेवला. मजकूर छापलेलाच होता: चार फेऱ्यांतल्या नोंदी यंत्र चुकीचं बसवल्याने सदोष आहेत, त्या वगळाव्यात, उरलेल्या फेऱ्यांवरून डबा कोणत्याही मालासह भरवशाचा आहे. खाली रोहिणीचं नाव आणि सहीसाठी रेघ.

सर वाईट बोलले नाहीत. चूक सगळ्यांकडून होते म्हणाले. सही केली तर नोकरी राहील, चाचणी कुणीतरी दुसरं करेल. नाही केली तर यंत्र हाताळता न येणारी इंजिनिअर म्हणून नाव होईल, आणि ते नाव पुढच्या प्रत्येक कंपनीत तिच्या आधी पोहोचेल.

रोहिणीने पेन उघडलं. खोट्यावर ती कधीच सही करणार नव्हती. पण हे खोटं होतं का? कापूस कोरडा होता, तिच्या हाताला लागला होता. महारुद्रनेही तेच सांगितलं होतं. मग उरलं काय, तिचीच चूक. तिला रडू यायला लागलं आणि त्या रडण्याचाच राग आला.

तेवढ्यात पिकअप आली. गच्च भरलेली, मागची ताडपत्री दिव्यांवर लोंबलेली. महारुद्रच्या शेजारी आज दिनकरराव बसलेले. घरचा माल, म्हणून जिनिंगला स्वतः निघालेले. महारुद्र उतरला. त्याने पेन पाहिलं, कागद पाहिला, मग भागवतकडे पाहिलं.

भागवत हळूच म्हणाला, "सगळी चूक मॅडमच्या हाताची हाय, असं लिहून घ्यायलेत."

महारुद्र दोन पावलं पुढे आला आणि थांबला. वळून केबिनकडे, वडिलांकडे पाहिलं. मग त्याने पिकअपचा दोर सोडला, चाकावर चढला आणि कापसात हात घातला. मनगटापर्यंत नाही, खांद्यापर्यंत. मूठ भरून बाहेर काढली, बॉनेटपाशी आला आणि त्या कागदावर मूठ पिळली. थेंब पडले. छापलेली अक्षरं फुगली.

"कोरडा न्हाई," तो म्हणाला.  "वरचा हातभर तेवढा कोरडा. मधे पाणी मारलेलं हाय, वजनाला. जिनिंगवाले वरून ओल मोजायचं मीटर खुपसतात म्हणून वर कोरडा ठेवायचा. ज्या चार दिवशी ह्यांचा दिवा लागला न्हाई, ते चारी दिवस माल आमच्या घरचा होता. बाकीच्या दिवशी दुसऱ्यांचा, कोरडा. ह्यांचं यंत्र बरोबर हाय. हातबी बरोबर हाय. खोटं मी बोललो."

केबिनचं दार उघडलं. दिनकरराव खाली उतरले नाहीत, बसूनच बोलले. "महारुद्र. एका पगारी बाईसाठी बापाची अब्रू रस्त्यावर मांडायलास?"

"पगारी बाई न्हाई, बाबा. मला हिच्याशी लगीन करायचंय." त्याने मुठीतला ओला कापूस तसाच धरून ठेवला होता. "ते सांगायला भेत होतो, हे सांगायलाबी भेत होतो. आज दोन्ही सांगितलं."

दिनकररावांनी रोहिणीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "कुणाची?"

"सोनपेठच्या सिताराम गुरुजींची," रोहिणी म्हणाली. "आम्ही बौद्ध. पुढचा प्रश्न तोच असेल, म्हणून आधीच सांगितलं."

तिला महारुद्रचा इतका राग आला होता की त्याच्या थोबाडीत द्यावी, आणि त्याच वेळी त्याचा तो ओला हात धरून ठेवावा असंही वाटत होतं. दोन्ही करायला आत्ता वेळ नव्हता. तिने भिजलेला कागद उचलला, चार तुकडे केले आणि सरांच्या हातात दिले.

सर म्हणाले, ओला माल हा अपवाद झाला, अपवाद नोंदीत धरत नाहीत.

"सर, पाऊस आला तरी माल भिजतो. तेव्हा मागून येणारा माणूस अपवाद म्हणून मरू द्यायचा का? आत्ता याच गाडीवर पाहू. मॅडमसमोर."

सरांनी तिच्याकडे आणि महारुद्रकडे आळीपाळीने पाहिलं. हा ड्रायव्हर तर तुझाच निघाला, ब्रेक दाबेल न दाबेल, त्याचा काय भरवसा, असं ते म्हणाले.

"मग त्याला तुमच्याजवळ बसवा, डब्यासमोर. पिकअप मी चालवते."

 भक्ती मॅडम कारचं दार उघडून आत बसल्या आणि म्हणाल्या, चला, मला हे बघायचंय.

रोहिणी पिकअपमध्ये चढली. दिनकरराव जागचे हलले नाहीत. माल माझा हाय, मी उतरणार न्हाई, एवढंच बोलले. तिने त्यांना पट्टा लावायला सांगितला आणि गाडी काढली.

पहिल्या तीन खुणांपर्यंत ते समोर बघत राहिले. चौथ्या खुणेला त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं. "गाडी कुठं शिकली?"

"मामाच्या ट्रॅक्टरवर."

पाचवी, सहावी. सातव्या खुणेच्या आधी तिने त्यांना वडिलांच्या पायाची गोष्ट सांगितली. आवाज न चढवता, दोन-तीन वाक्यांत: संध्याकाळ, कापसाची गाडी, ताडपत्रीखालचे दिवे. दिनकररावांनी कुणाची गाडी होती म्हणून विचारलं. कुणाची ते कधीच कळलं नाही, ती म्हणाली. त्यावर ते खिडकीबाहेर बघत बसले.

दहावी खूण गेली. शेवटचा ब्रेक दाबून झाला. रोहिणीने मोकळा श्वास घेतला आणि मग पुन्हा ब्रेक दाबला. एकदा… आणि परत एकदा.

"खुणा तर संपल्या," दिनकरराव म्हणाले. "हे दोनदा कशाला?"

"हे तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर होतं."

त्यांनी आरशातून मागच्या कारकडे पाहिलं. मग, जणू स्वतःलाच विचारावं तसं, "काय उत्तर दिलं?"

"ते आधी त्याला सांगते. तिकडे पोहोचलं नसणार. मधे तुमचा कापूस आहे."

तिने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि उतरली. मागे कार थांबली होती. आतमध्ये सूर्यभान सर लॅपटॉपकडे बघत होते. महारुद्र डब्यावर डोळे लावून बसला होता. तो इतका पडलेला दिसत होता की रोहिणीचा अर्धा राग तिथेच, रस्त्यावरच गेला.

तिने खिडकीवर टकटक केलं. "दिवा लागला?"

"न्हाई," तो म्हणाला. "एकदाबी न्हाई."

"दहा खुणांनंतर मी दोनदा दाबला होता."

त्याने मान वर केली.  "दोनदा…? इथं काहीच आलं न्हाई, रोहिणी."

"म्हणून चालत आले," ती म्हणाली. सगळे ऐकत होते, आणि सगळ्यांनी ऐकावं असंच तिला वाटत होतं. "हो म्हणायला. खोटं बोललास त्याचं भांडण वेगळं, ते मी इतक्यात सोडणार नाही. पण माझं उत्तर हो आहे."

 महारुद्रने खिडकीतून हात बाहेर काढला. तो अजून ओला होता, कापसाचे तंतू चिकटलेले. रोहिणीने तो सगळ्यांसमोर धरला.

मग त्याच बॉनेटवर तिने स्वतःच्या हाताने अहवाल लिहिला. डबा केबिनच्या टपावर असताना मधे ओला माल असेल तर इशारा पोहोचत नाही. अशा वेळी त्यावर भरवसा ठेवू नये. डबा मागच्या फळीवर बसवून पुन्हा चाचणी घ्यावी. खाली सही, ठसठशीत. सरांनी विचारलं, याचा परिणाम कळतो ना? कळतो, ती म्हणाली. भक्ती मॅडमनी कागदाचा फोटो काढला आणि फळीवर बसवायला खर्च किती वाढेल, एवढंच विचारलं. तिची नोकरी राहिली की गेली, हे त्या दिवशी कुणीच सांगू शकलं नसतं, आणि त्या दिवशी तिला त्याची फिकीरही नव्हती.

दिनकरराव खाली उतरले होते. पिकअपच्या मागे जाऊन उभे राहिले होते. महारुद्र घाबरत घाबरत जवळ गेला. ते आशीर्वाद देतील अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती आणि त्यांनी तो दिलाही नाही. लोंबत्या ताडपत्रीचं टोक हातात धरून ते म्हणाले, "हे वर बांध. दिवे झाकायलेत."

त्याने बांधलं. तिकडच्या गाठीला ते स्वतः लागले.

"आन् ती घरी येणार असंल," गाठ आवळता आवळता, तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "तर तुझी माय रुख्मिणी तिला पुढच्याच दारानं घेती का, ते तुझं तू बघ. मी मधे पडणार न्हाई."

"मी येतेच आहे," रोहिणी म्हणाली. "रविवारी. माझ्या बाबांना घेऊन."

गाड्या वळून परत निघाल्या. पुढे बापलेक, मागे कारमध्ये रोहिणी. आज लॅपटॉप बंद होता, डबाही बंद होता. किलोमीटर चारपाशी, टपरी दिसायला लागली तशी, पिकअपच्या मागचे साधे, धुळीने माखलेले दिवे लाल झाले. एकदा… आणि परत एकदा.

"मॅडम," भागवत म्हणाला, "चहा."